'वय झालं' हे रोगाचे नाव नव्हे



भाताचे शेत पिवळे दिसू लागले की आपण काय करतो? बांधावर उभे राहून 'झाले, पिवळे पडले' एवढे म्हणून कोणी घरी परतत नाही. आपण शेतात उतरतो, लोंबी हातात घेतो. दाणा भरला असेल, लोंबी वाकली असेल, तर पीक तयार झाले. विळ्याला धार लावायची. पण लोंबी बाहेर पडण्याआधीच पाने पिवळी पडू लागली, तर मुळाशी पाणी साचले काय, नत्र कमी पडले काय, करपा आला काय, कीड लागली काय, हे आपण एकामागून एक पाहतो. पिकून पिवळे होणे वेगळे आणि रोगाने पिवळे पडणे वेगळे, हे शेतकऱ्याच्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही.

परंतु घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या बाबतीत हाच भेद आपण विसरतो. आजोबा जेवेनासे झाले, रात्र रात्र जागू लागले, ओसरीवरून उठेनासे झाले, की 'वय झालं' असे म्हणून आपण मोकळे होतो. घरातली माणसे असे म्हणतातच. पण ज्यांच्याकडे आपण मोठ्या विश्वासाने जातो, ते डॉक्टर, औषधे देणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि बोलण्यातून उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ हेही कित्येकदा तेच म्हणतात. तोंडाने म्हणत नसले तरी मनात धरतात. तपासणाऱ्याच्या मनातील या समजुतीमुळे म्हाताऱ्या माणसाला मिळणारा उपचार कसा बदलतो, किंवा मिळतच नाही, याविषयी आज आम्ही थोडे सविस्तर लिहिणार आहोत. हा विषय शहरातल्या शिकल्यासवरल्यांचा आहे असे कोणी समजू नये. तो आपल्या प्रत्येकाच्या ओसरीवरचा आहे.

पन्नाशीनंतर दार बंद

रुग्णाशी बोलून, त्याचे ऐकून घेऊन मनाचे आजार बरे करण्याची पद्धत ज्याने जगाला दिली, तो व्हिएन्नाचा डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड. १९०४ साली डॉक्टरांसमोर दिलेल्या आणि पुढच्या वर्षी छापलेल्या एका व्याख्यानात त्याने असे मत मांडले की, पन्नाशीच्या आसपास किंवा त्यापुढे माणसाच्या मनाची लवचिकता उरत नाही. म्हातारी माणसे नवे काही शिकू शकत नाहीत. शिवाय त्यांच्या आयुष्याचा पसारा एवढा मोठा असतो की उपचार कधी संपायचाच नाही. म्हणून अशा माणसांना हा उपचार देण्यात फारसा अर्थ नाही.

नवलाची गोष्ट अशी की, हे सांगणारा फ्रॉइड त्या वेळी स्वतः अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. त्याचे पुष्कळसे महत्त्वाचे लिखाण अजून व्हायचे होते. १९३८ साली नाझींच्या भयाने देश सोडून तो लंडनला गेला, तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. तेथेही तो रुग्ण पाहत होता आणि लिहीत होता. स्वतःचे मन म्हातारपणातही शिकते आहे हे त्याने जगून दाखविले. परंतु त्याचे ते जुने वाक्य मात्र मानसशास्त्राच्या पुढच्या पिढ्यांनी धरून ठेवले. त्याचाच सहकारी कार्ल अब्राहम याने १९१९ साली आपल्या अनुभवावरून असे लिहिले होते की, रुग्णाच्या वयापेक्षा त्याचा आजार किती जुना आहे हे जास्त महत्त्वाचे. म्हणजे साठीच्या माणसाला अलीकडेच लागलेला आजार बरा होऊ शकतो. पण या शहाण्या बोलाकडे फार थोड्यांनी लक्ष दिले.

पुढे १९६४ साली अमेरिकेतील विल्यम स्कोफील्ड या मानसशास्त्रज्ञाने आपल्याच व्यवसायाला आरसा दाखविला. मन बरे करणाऱ्यांना कसा रुग्ण आवडतो? तरुण, देखणा, बोलका, बुद्धिमान आणि यशस्वी! आता वाचकांनी आपल्या गावातील एखादे पंचाहत्तरीचे आजोबा डोळ्यांपुढे आणावेत. उन्हाने काळवंडलेले, दात पडलेले, कमी बोलणारे, आणि ऊस कारखान्याला घालून झालेले कर्ज फेडण्यातच आयुष्य गेलेले. या पाच कसोट्यांवर ते कोठे बसतात? त्यांना मन नाही असे कोणी म्हणणार नाही. पण त्या मनाकडे पाहायला कोणी उत्सुकही नाही, एवढेच.

कोंबड्या पाळणाऱ्या आजीचा नातू

ही समजूत चुकीची आहे असे ज्याने मोठ्याने सांगितले, तो माणूस शेतावर वाढलेला होता, हे आपल्या वाचकांना विशेष वाटेल. रॉबर्ट बटलर हे त्याचे नाव. जन्म १९२७ चा. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात व्हाइनलँड येथे त्याच्या आजीआजोबांचा कोंबड्या पाळण्याचा धंदा होता. त्यांनीच त्याला वाढविले. तो सात वर्षांचा असताना आजोबा वारले, आणि पुढचे कठीण दिवस आजीने निभावून नेले. म्हातारे माणूस म्हणजे ओझे नव्हे, म्हातारे माणूस घर उभे ठेवते, हे त्याने पुस्तकात नव्हे तर अंगणात पाहिले.

पुढे तो डॉक्टर झाला, मनाच्या आजारांचा तज्ज्ञ झाला. वैद्यकीय शिक्षण घेताना म्हाताऱ्या रुग्णांना टिंगलीची नावे ठेवलेली त्याने ऐकली आणि त्याला धक्का बसला. १९५० नंतरच्या दशकात सरकारी संशोधन संस्थेत त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी वृद्धांचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून असे दिसले की, ज्याला लोक म्हातारपण म्हणतात त्यातले पुष्कळसे म्हातारपण नसतेच. ते आजारपण असते, गरिबी असते, एकटेपणा असते. आणि या तिन्हींवर काही ना काही करता येते.

१९६३ साली त्याने आणखी एक गोष्ट मांडली. वृद्ध माणूस जुन्या गोष्टी पुन्हापुन्हा सांगतो, तेव्हा डॉक्टर त्याला मन दुबळे झाल्याची खूण समजत. बटलर म्हणाला, तसे नव्हे. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावर माणूस मागे वळून हिशेब पाहतो, राहिलेले सल काढतो, तुटलेले जोडू पाहतो. हे मनाचे निरोगी काम आहे. त्याला ऐकणारा हवा. आपल्याकडेही एखादे आजोबा कोणत्या साली विहीर खणली, भावाशी वाटणी कशी झाली, हे दहाव्यांदा सांगू लागले की पोरे उठून जातात. त्या दहा वेळांत ते कोठे अडकले आहेत हे ऐकणाऱ्याला कळू शकते. कदाचित विहिरीपाशी नव्हे, त्या भावापाशी ते अडकले असतील.

१९६९ साली वॉशिंग्टन शहराजवळील चेव्ही चेज येथे गरीब वृद्धांसाठी घरे देण्याची योजना निघाली आणि तेथील रहिवाशांनी तिला कडाडून विरोध केला. त्या वेळी बटलरने या वृत्तीला एक नवा शब्द दिला. आपण त्याला 'वयभेद' म्हणू. जातीवरून भेद, रंगावरून भेद, तसाच हा वयावरून भेद. फरक एवढाच की इतर भेदांत भेद करणारा दुसऱ्या बाजूला कधी जात नाही. या भेदात मात्र आयुष्य लाभले तर प्रत्येकजण त्याच बाजूला जाऊन बसणार आहे. १९७५ साली बटलर अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचा पहिला संचालक झाला. वृद्धांच्या स्थितीवरील त्याच्या ग्रंथाला १९७६ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. २०१० साली तो वारला. मरेपर्यंत त्याने याच विषयाचे काम केले.

एकच कागद, दोन वये

कोणी म्हणेल, 'फादर, हा तर तुमचा आरोप झाला. पुरावा काय?' पुरावा आहे, आणि तो साध्या युक्तीने मिळविलेला आहे. एका काल्पनिक रुग्णाची हकीकत कागदावर लिहायची. झोप नाही, भूक नाही, कशात गोडी वाटत नाही, जगण्यात अर्थ नाही. काही तज्ज्ञांना द्यायच्या कागदावर रुग्णाचे वय तरुण लिहायचे, काहींच्या कागदावर म्हातारे. बाकी अक्षर न अक्षर तेच. मग विचारायचे, हा रुग्ण बरा होईल काय? तुम्ही याला काय उपचार द्याल?

अमेरिकेत १९८७ साली मानसशास्त्रज्ञांना असे विचारले गेले, तेव्हा वृद्ध रुग्ण त्यांना कमी पसंत पडला आणि तो बरा होण्याची आशाही त्यांना कमी वाटली. १९९५ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. वयाविषयीचा पूर्वग्रह होताच. पण शरीराने आजारी असलेल्या माणसाविषयीचा पूर्वग्रह त्याहून जास्त होता. वृद्ध माणसाच्या वाट्याला बहुधा दोन्ही एकदमच येतात. गुडघे गेलेले, साखर वाढलेली, आणि वयही झालेले.

२००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर अंगावर काटा आणणारा आहे. या वेळी प्रश्न विचारले होते नेहमीच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना. कागदावरील रुग्ण खिन्न होता आणि जीव देण्याचा विचार करीत होता. डॉक्टरांनी दोन्ही वयांच्या रुग्णांत आजार ओळखला, धोकाही ओळखला. येथवर ठीक होते. पण वृद्ध रुग्णाच्या बाबतीत 'या वयात असे वाटणे स्वाभाविकच' असे मानण्याकडे त्यांचा कल दिसला. त्याच्यावर उपचार करण्याची तयारी कमी दिसली, आणि मनाच्या तज्ज्ञांकडे पाठवून काही उपयोग होईल हा भरवसाही कमी दिसला. म्हणजे डोळे उघडे होते, पण हात उचलला गेला नाही.

आम्हांस येथे तोल सांभाळून बोलायला हवे. हे डॉक्टर दुष्ट नव्हते. सगळेच मानसशास्त्रज्ञ असे असतात असेही नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००३ साली वृद्धांच्या उपचारासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आणि २०१४ साली ती सुधारली. वार्धक्याविषयी आपल्या स्वतःच्या मनात काय आहे हे उपचार करणाऱ्याने तपासून पाहावे, असे त्यांत स्पष्ट सांगितले आहे. आपला दोष ओळखून व्यवसायानेच असे लिहून ठेवणे ही चांगली खूण आहे.

दवाखान्यात हे कसे घडते

वयभेद हा शिवीगाळ करून येत नाही. तो फार सभ्यपणे येतो. त्याची काही रूपे आम्ही येथे देतो.

पहिले रूप, प्रश्नच न विचारणे. चाळिशीच्या माणसाला 'झोप कशी आहे, मन लागते काय, जीव नकोसा वाटतो काय' असे विचारले जाते. सत्तरीच्या माणसाला बी.पी. विचारले जाते.

दुसरे रूप, रुग्ण समोर असताना त्याच्या मुलाशी बोलणे. 'हे जेवतात का? यांना झोप लागते का?' म्हातारा माणूस तेथे बसलेलाच असतो. त्याला वाचा आहे. पण जी गोष्ट तो मुलासमोर सांगू शकत नाही, कारण ती मुलाविषयीच आहे, ती कधीच बाहेर पडत नाही.

तिसरे रूप, नुसती गोळी देऊन पाठवणे. खिन्नतेवर बोलण्याचा उपचारही तेवढाच महत्त्वाचा असतो. पण 'या वयात बोलून काय होणार' म्हणून तो सुचविला जात नाही. कित्येकदा नुसती झोपेची गोळी दिली जाते. वृद्धांमध्ये अशा गोळ्यांनी तोल जाऊन पडण्याचा आणि डोके सुन्न होण्याचा धोका वाढतो. मग ते सुन्नपण पुन्हा वयाच्या खात्यावर लिहिले जाते.

चौथे रूप, लहान मुलासारखे वागविणे. 'आजी, शहाण्यासारखी गोळी घ्यायची हं!' ज्या बाईने सहा मुले वाढविली, चार एकर सांभाळले, तिला हे ऐकावे लागते. यात माया असेल, पण मान नाही. ज्याला मान मिळत नाही तो मन उघडीत नाही.

पाचवे रूप सर्वांत वाईट. ते म्हणजे तो वृद्ध माणूस स्वतःच ही समजूत उचलतो. 'आता काय राहिलंय माझं' असे म्हणून तो दवाखान्याची पायरीच चढत नाही. या विषयावर येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी पुष्कळ काम केले आहे. ओहायो राज्यातील एका गावच्या पन्नाशीपुढील लोकांची अनेक वर्षांची माहिती त्यांनी तपासली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, आपल्या म्हातारपणाविषयी चांगले मत असणारे लोक वाईट मत असणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे जास्त जगलेले आढळले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ साली या विषयावर मोठा अहवाल काढला. जगातील निम्म्या लोकांच्या मनात वृद्धांविषयी असा पूर्वग्रह आहे आणि खिन्नतेचे सुमारे ६३ लाख रुग्ण या वयभेदापायी असावेत, असा अंदाज त्यात दिला आहे.

उपचार लागू पडतो काय?

आता खरा प्रश्न. फ्रॉइड म्हणाला ते खरे असेल तर वरची सारी चर्चा फुकट. म्हाताऱ्या मनाला उपचार लागूच पडत नसेल, तर डॉक्टरांना दोष का द्यावा?

पण तो लागू पडतो. अमेरिकेत साठीपुढील १८०१ खिन्न रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला. २००२ साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीसारखा उपचार मिळाला. उरलेल्या निम्म्यांना नेहमीच्या डॉक्टरांबरोबरच एक खास कार्यकर्ता नेमून दिला. तो रुग्णाची विचारपूस करी, औषध लागू पडते की नाही ते पाही, अडचणी सोडविण्याची रीत शिकवी. वर्षाअखेर या दुसऱ्या गटातील ४५ टक्के लोकांचा त्रास निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाला. नेहमीच्या उपचारात हे प्रमाण फक्त १९ टक्के होते. रुग्ण त्याच वयाचे होते. फरक एवढाच की एका गटाच्या पाठीशी 'हे बरे होतील' असे मानून कोणीतरी उभे होते.

इंग्लंडमध्ये २००८ सालापासून बोलण्यातून उपचार देण्याची सरकारी सोय आहे. तेथील मोठ्या आकडेवारीवरून २०२१ साली असे दिसून आले की, बोलण्याच्या उपचाराने ६५ वर्षांवरील लोक तरुणांपेक्षा अधिक चांगले सुधारतात. परंतु त्या दारापर्यंत पोचणाऱ्यांत वृद्धांचा वाटा कमीच असतो. म्हणजे ज्यांना जास्त गुण येतो त्यांनाच कमी पाठविले जाते. सुपीक जमीन पडीक टाकण्यासारखेच हे झाले.

आपल्या देशात काय आहे?

वृद्धांची स्थिती जाणून घेण्यासाठी २०१७-१८ साली देशभर मोठी पाहणी झाली. साठीपुढील सुमारे ८ टक्के लोकांत खिन्नतेच्या आजाराची लक्षणे आढळली. परंतु डॉक्टरांनी तसे निदान केले आहे असे सांगणारे १ टक्काही नव्हते. म्हणजे दहांतील नऊ माणसे कोणाच्या नजरेस आलीच नाहीत. उलट बाजूने पाहावे तर, याच पाहणीला जोडून झालेल्या अभ्यासात साठीपुढील ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. म्हणजे शंभरांतील ब्याण्णव वृद्धांना तो नाही. 'म्हातारपणी डोके फिरायचेच' ही म्हण करून ठेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आपल्या शेजारच्या गोव्यात या प्रश्नावर फार मोलाचे काम झाले आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील लोकांना खिन्न वृद्धाची आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाची हकीकत सांगितली. 'अशी माणसे आमच्याकडे आहेत' असे लोकांनी लगेच ओळखले. पण हा आजार आहे असे फार थोड्यांना वाटले. विसरणे हे वयाचे लक्षण ठरले, आणि खिन्नता हा मुलांनी न पाहिल्याचा परिणाम ठरला. मुलांनी पाहायला हवे यात शंका नाही. पण दोष मुलांवर टाकला म्हणजे उपचार होत नाही. आणि लाजेपोटी मुले म्हाताऱ्याला दवाखान्यात नेण्याचेही टाळतात.

दुसरा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. गोव्यातील साठीपुढील १८१ लोक निवडले. त्यांना पूर्ण आजार नव्हता, पण सुरुवातीची लक्षणे होती. यांतील ९१ जणांना खास शिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते भेटत. हे मानसशास्त्राचे पदवीधर नव्हेत, आपल्यासारखीच माणसे. ते काय करीत? समोरची अडचण लहान तुकडे करून कशी सोडवावी हे दाखवीत. झोप सुधारण्याचे साधे नियम सांगत. मधुमेहासारख्या दुखण्यांची काळजी कशी घ्यावी ते समजावीत. सरकारी योजनांचा लाभ मिळवून देण्यास मदत करीत. वर्षभरात या ९१ पैकी ४ जणांना खिन्नतेचा पूर्ण आजार झाला. नेहमीचीच सेवा मिळालेल्या ९० जणांत तो १३ जणांना झाला.

आमच्या मते या आकड्यांत सर्व काही आले. मोठे यंत्र नाही, महाग औषध नाही. म्हाताऱ्या माणसाची अडचण सुटू शकते असे मानणारा एक माणूस, आणि त्याला दिलेली साधी रीत.

ओळखायचे कसे?

शेतकरी म्हातारा 'मी दुःखी आहे' असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, 'अंगात ताकद नाही', 'पोटात गोळा येतो', 'डोकं जड आहे'. खिन्नता त्याच्या शरीरातून बोलते. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन लागत नसेल, आवडत्या गोष्टींतली गोडी गेली असेल, भूक किंवा झोप उडाली असेल, 'मी सगळ्यांना भार झालो' असे वारंवार तोंडी येत असेल, तर ते पिकलेपण नव्हे, रोग आहे. गोठ्यातल्या जनावरांची नावानिशी चौकशी करणारा माणूस गोठ्याकडे पाहीनासा झाला, तर समजून जावे.

खिन्नतेतही विसर पडतो. पण अशा माणसाला आपण विसरतो हे खुपत असते, आणि हा बदल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झालेला असतो. स्मृतिभ्रंश हळूहळू, वर्षानुवर्षे वाढतो आणि पुष्कळदा त्या माणसापेक्षा घरच्यांनाच तो आधी दिसतो. तिसरा प्रकार म्हणजे एकदोन दिवसांत अचानक बरळू लागणे, माणसे न ओळखणे. याला कधीही वय म्हणू नये. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, शरीरातील पाणी कमी होणे, एखादे औषध, अशी कारणे त्यामागे असतात. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. थायरॉइडचा दोष आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही माणूस मंद व खिन्न होतो; साध्या रक्ततपासणीत ते कळते आणि औषधाने सुधारते. कानाने ऐकू न येणारा माणूसही आपोआप बाजूला पडतो, आणि लोक त्याला भ्रमिष्ट समजतात.

सर्वांत महत्त्वाचे. 'देवाने आता न्यावे' हे शब्द प्रार्थनेतले असतील तर वेगळे. परंतु 'मरून गेलेलं बरं', 'तुमची सुटका करतो' असे शब्द आले, किंवा माणूस अचानक सगळी निरवानिरव करू लागला, तर ते बोलणे वयावर घालू नये. सरळ विचारावे, 'जीव द्यावासा वाटतो का?' असे विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. उलट मन मोकळे होते. त्या माणसाला एकटे सोडू नये आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. आणि शेतकऱ्याच्या घरात एक काम आजच करावे: पिकावर फवारायची औषधे घरात, पडवीत उघडी ठेवू नयेत. कुलपात ठेवावीत आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे असावी. हाताशी विष नसल्याने कित्येक जीव वाचतात.

डॉक्टरांकडे जाताना

काही गोष्टी आम्ही सुचवितो. त्या कागदावर उतरवून घ्याव्यात.

एक. चालू असलेल्या सर्व गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, झाडपाल्याचे औषध असेल तर तेही.

दोन. बदल कधीपासून आणि कसा झाला ते लिहून न्यावे. 'पूर्वी काय करीत, आता काय करीत नाहीत' एवढे लिहिले तरी पुरे.

तीन. थोडा वेळ आजोबांना किंवा आजीला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे. मुलासुनेने यात अपमान मानू नये.

चार. डॉक्टर 'वयोमानाने आहे' म्हणाले तर नम्रपणे विचारावे, 'डॉक्टरसाहेब, हे चाळीस वर्षांचे असते तर आपण काय तपासले असते?' या एका प्रश्नात भांडण नाही, पण पुष्कळ काम आहे. शिवाय विचारावे, 'यांतल्या कोणत्या औषधाने असे होते काय? बोलण्याचा उपचार कोठे मिळेल? पुन्हा केव्हा दाखवू?'

पाच. खिन्नतेच्या औषधाला गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, आपल्या मनाने ते बंद करू नये.

जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांची चौकशी करता येते. बेळगाव-खानापूर भागातील लोकांसाठी धारवाडची मानसिक आरोग्य संस्थाही आहे. २०२२ सालापासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. वृद्धांच्या कोणत्याही अडचणीसाठी १४५६७ हा क्रमांक आहे.

आणि डॉक्टरांच्या मनाविषयी एवढे लिहिल्यावर आपल्या मनाविषयीही एक शब्द. पोराच्या नावावर सातबारा झाला, की त्या दिवसापासून म्हाताऱ्याला कोणी विचारीत नाही: यंदा कोणते बियाणे घ्यायचे, रताळी लावायची की नाही, म्हैस ठेवायची की विकायची. त्याचे मत चुकीचे असेल, जुने असेल, तरी विचारावे. विचारले जाणे हे माणसाचे अन्न आहे. डॉक्टर महिन्यातून एकदा दहा मिनिटे भेटतात. घर रोज भेटते. आज रात्री जेवताना घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला एक खरा प्रश्न विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत बसून राहा.